भाजी घशाखाली उतरत नाही? मग पैसे कशावर घालावेत: पावडर, गोळ्या, ज्यूसर आणि हँड ब्लेंडर यांची पारख

भाजी न आवडणाऱ्या माणसासाठी बाजारात बरंच काही मांडून ठेवलेलं असतं. हिरव्या पावडरचे डबे, ज्यूसर, मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, फायबरची भुकटी, पालकाच्या रंगाच्या चिप्स, पाकीटबंद सूप. भाजी न खाता भाजीचा फायदा मिळेल, असा दावा थोड्याफार फरकाने सगळ्यांचाच. यातली कुठली वस्तू खरंच कामाची आहे, कुठली अर्ध्यावर सोडते आणि कुठली नुसती रंगरंगोटी आहे, ते इथे मापं देऊन सांगतो. निकाल आधीच सांगून टाकावा हे बरं: सर्वांत जास्त उपयोग होतो तो साध्या हँड ब्लेंडरचा, गोठवलेल्या भाज्यांच्या पाकिटाचा आणि कडक तापलेल्या ओव्हनचा. या तिन्ही वस्तू आरोग्याच्या कप्प्यात विकायला नसतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

आधी नावडीचं बघू, कारण वस्तू निवडायची ती त्यावरूनच. 'भाजी आवडत नाही' या वाक्यामागे तीन निरनिराळ्या तक्रारी असतात. पहिली कडवटपणाची. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरीचा पाला या कुळात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि ती सगळ्यांना सारखी कडू लागत नाहीत. १९३१ साली ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या हातून फेनिलथायोकार्बामाइड नावाच्या रसायनाची भुकटी हवेत उडाली. त्याला काहीच चव लागली नाही, शेजारच्या सहकाऱ्याचं मात्र तोंड कडू झालं. पुढे २००३ साली या फरकामागचं जनुक सापडलं. कोबीच्या कुळातल्या कडू द्रव्यांचंही असंच. तेव्हा कुणी ब्रोकोलीला नाक मुरडलं तर तो हट्टच असतो असं नाही, त्याच्या जिभेला ती खरोखर जास्त कडू लागत असू शकते. दुसरी तक्रार वासाची. कोबी-फ्लॉवर उकळत्या पाण्यात पाच मिनिटांहून जास्त राहिले की हायड्रोजन सल्फाइडचा वास झपाट्याने वाढतो, आणि घरभर पसरतो तो हाच. तिसरी तक्रार तोंडात लागण्याची: पचपचीत, बुळबुळीत, दातात अडकणारे दोरे, चावल्यावर सुटणारं पाणी. ज्याला ही तिसरी तक्रार आहे त्याला पावडर देऊनही भागतं आणि ब्लेंडर देऊनही. ज्याला वास सोसत नाही त्याला ओव्हन हवा. ज्याला कडू लागतं त्याला मीठ, स्निग्ध पदार्थ आणि दुसरी भाजी हवी.

आता कसोटी कसली लावायची? जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या मिळून असा आहे. बटाटा, रताळं असे पिठूळ कंद त्यात धरायचे नाहीत. दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाला अन्नातून किमान २५ ग्रॅम फायबर मिळावं, असं याच संघटनेने २०२३ साली सांगितलं. पोटॅशियमसाठी प्रौढांचा आकडा दिवसाला ३,५१० मिलिग्रॅम आहे. भाजी ताटातून गेली की सर्वांत आधी खड्डा पडतो तो फायबर, पोटॅशियम, फोलेट (हे 'ब' गटातलं एक जीवनसत्त्व) आणि 'के' जीवनसत्त्वाचा. 'क' जीवनसत्त्वाची काळजी लोक उगाच करतात, ते फळांतून सहज भरून निघतं. म्हणून कुठल्याही वस्तूला विचारायचा प्रश्न एवढाच: या चार खड्ड्यांपैकी तू कुठला भरतेस, आणि किती?

हिरवी पावडर

एका मापात साधारण ८ ते १२ ग्रॅम भुकटी येते. पालकात ९१ टक्के पाणी असतं, म्हणजे १० ग्रॅम निव्वळ पालकाची भुकटी साधारण १०० ग्रॅम ताज्या पालकातून निघते. हा हिशोब वाईट नाही. घोळ असा की डब्यात निव्वळ पालक क्वचितच असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. त्यात पहिल्या दोन-तीन जागी स्पिरुलिना (एक शेवाळ), इन्युलिन (वेगळं काढलेलं फायबर), आंबटपणाची द्रव्यं किंवा फळांचा स्वाद दिसला, की भाज्यांच्या वाट्याला मापातले दोन-तीन ग्रॅम उरतात. पंचवीस भाज्यांची नावं एकाच 'मिश्रणा'खाली देऊन सगळ्यांचं मिळून एकच वजन लिहिलं असेल तर कुठली किती आहे हे कळायला मार्गच नाही. असा डबा खाली ठेवावा.

मग फायबरच्या रकान्यावर बोट ठेवा. बहुतेक डब्यांवर एका मापाला १ ते २ ग्रॅम असं दिसतं. २५ ग्रॅमच्या गरजेपुढे ही दुधाची तहान ताकावर भागवण्यासारखी गोष्ट झाली. पोटॅशियमचंही तसंच. 'के' जीवनसत्त्व आणि काही प्रमाणात फोलेट मात्र चांगल्या पावडरीतून खरंच मिळतं. तेव्हा फळं आणि डाळी-कडधान्यं व्यवस्थित खाणाऱ्या, पण हिरवं पान तोंडात न घालणाऱ्या माणसाला ती चालेल. बाकीच्यांना ती नुसतं मनाचं समाधान देते, पोषण देत नाही.

घ्यायचीच ठरली तर तीन गोष्टी पाळा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. 'के' जीवनसत्त्व अचानक वाढलं की औषधाचा परिणाम कमी होतो, आणि अचानक थांबवलं की तो वाढतो. मूतखड्याचा त्रास झालेला असेल तर पालकप्रधान पावडर टाळा, पालकात ऑक्झलेट हे खडे घडवणारं द्रव्य भरपूर असतं. आणि जड धातूंसाठी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी झाल्याचा उल्लेख डब्यावर शोधा. पानं आणि शेवाळ माती-पाण्यातलं शिसं उचलून घेतात आणि वाळवल्यावर ते आणखी घट्ट होतं. गुठळ्या होण्याची तक्रार असेल तर क्रम चुकतो आहे: आधी बाटलीत २५० मिलिलिटर गार पाणी, वरून पावडर, मग झाकण लावून वीस सेकंद हलवायचं. पावडरवर पाणी ओतलं की तळाशी चिकट गोळा बसतो आणि तो मग कशानेच फुटत नाही.

गोळ्या आणि फायबरची भुकटी

मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत फायबर नसतं, पोटॅशियम नावापुरतं असतं. फोलेट आणि 'के' मिळू शकतं, लेबल पाहून घ्यावं. भाजीतलं एखादं द्रव्य वेगळं काढून भरपूर दिलं की भाजीचाच फायदा होईल, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन देण्यात आलं, म्हणजे गाजराला रंग देणारंच द्रव्य. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ च्या जानेवारीत मध्येच थांबवावी लागली. गाजर खाल्ल्याने असं होत नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांपासून दूरच राहावं.

इसबगोलाचा भुसा हा त्यामानाने प्रामाणिक माल. पाच ग्रॅम भुशात सुमारे चार ग्रॅम फायबर असतं, त्यातलं बरंचसं विरघळणारं, आणि तेच कोलेस्टेरॉल थोडं खाली आणतं. पण त्यात जीवनसत्त्वं नाहीत, खनिजं नाहीत. चार खड्ड्यांपैकी एकच भरतो, तोही थोडासाच. घेताना चुका होतात त्या पाण्याच्या. मोठ्या ग्लासात २५० मिलिलिटर पाणी घेऊन भुसा ढवळायचा आणि लगेच प्यायचा. दोन-तीन मिनिटं ठेवला तर त्याचा खळ होतो. कोरडा भुसा तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे, तो घशातच फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनी घेऊच नये. बाकीची औषधं आणि भुसा यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवावं. पहिल्या दिवशी अर्ध्या चमच्याने सुरुवात करून आठवड्याभरात वाढवावं, नाहीतर पोट फुगतं आणि डबा कपाटात मागे जातो.

ज्यूसर

सरळ सांगायचं तर घेऊ नका. अर्धा किलो गाजरांत सुमारे १४ ग्रॅम फायबर असतं. त्यांचा पाव लिटरच्या आसपास रस निघतो आणि फायबरचा मोठा हिस्सा मागच्या भांड्यात चोथा होऊन पडतो. ग्लासात येते ती साखर, पोटॅशियम आणि रंग. अर्धा किलो गाजरं चावून खायला वेळ लागतो, पोट भरतं. रस दोन मिनिटांत संपतो आणि पुन्हा भूक लागते. रस चांगला लागावा म्हणून सफरचंद, संत्रं घातलं जातं आणि मग तो फळांचाच रस होतो. शिवाय यंत्राची जाळी ताबडतोब ब्रशने घासली नाही तर वाळलेला चोथा भोकांत घट्ट बसतो. बहुतेक ज्यूसर या घासण्यापायीच बंद पडून राहतात. घरात आधीच असेल तर चोथा फेकू नका, खाली दिलेल्या सॉसमध्ये घाला.

हँड ब्लेंडर: इथे थांबावं

तोंडात लागण्याची तक्रार मुळापासून मिटवणारी आणि तरीही भाजीतलं काहीही फेकून न देणारी वस्तू ही एकच. गुळगुळीत झालेल्या भाजीत फायबर, पोटॅशियम, फोलेट सगळं जागेवर असतं. 'लपवलेली' भाजी खरंच पोटात जाते का, याचाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रौढांच्या नेहमीच्या पदार्थांत भाज्यांची प्युरी मिसळली. त्यांनी पदार्थ नेहमीएवढाच खाल्ला, भाजी कितीतरी जास्त गेली आणि दिवसभराच्या कॅलरी कमी झाल्या. भूक आणि पसंती यांत फरक पडला नाही.

विकत घेताना वॅटच्या आकड्यामागे फार लागू नका. ६०० वॅटच्या आसपास असला की घरच्या कामाला पुरतो. पाहायचं ते दुसरंच. दांडा धातूचा हवा, कारण प्लॅस्टिकचा दांडा उकळत्या भांड्यात वाकतो, डाग धरतो. दांडा मोटरपासून सुटा होणारा हवा, धुताना मोटरमध्ये पाणी जात नाही. पात्याभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या टोपीला खाचा हव्यात. खाचा नसतील तर ती भांड्याच्या तळाला चोखून धरते आणि हिसका दिला की गरम सूप अंगावर येतं. आणि दाब कमीजास्त करून वेग बदलता येणारं बटण हवं. ते का, ते शेवटी येईलच.

वापरताना पातं पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबायचं नाही आणि बटण सोडून पातं थांबल्याशिवाय वर काढायचं नाही. भिंतीवर उडणारे सगळे शिंतोडे या दोन चुकांतून येतात. दांडा किंचित तिरका धरून तळापासून वर, वरून तळाकडे असा सावकाश हलवावा. बहुतेक यंत्रं सलग एक मिनिटापेक्षा जास्त चालवायची नसतात, माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. घट्ट प्युरीत मोटर कण्हायला लागली की जोर न लावता ५० मिलिलिटर गरम पाणी घालावं. सेलरीसारख्या लांब दोऱ्यांच्या भाज्या आडव्या, एक सेंटिमीटरच्या तुकड्यांत चिरून घ्याव्यात, नाहीतर दोरे पात्याच्या आसाला गुंडाळले जातात. नॉनस्टिक भांड्यात चालवू नये. झालं की लगेच साबणाच्या पाण्यात बुडवून दहा सेकंद फिरवावं आणि प्लग काढून मगच पात्याजवळ हात न्यावा.

या यंत्राची खरी परीक्षा करायची असेल तर लाल सॉस करून पाहा. कांदा १५० ग्रॅम, गाजर २५० ग्रॅम, लाल ढोबळी मिरची १५० ग्रॅम, मसूर डाळ ८० ग्रॅम, टोमॅटो ८०० ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, मीठ एक चहाचा चमचा, पाणी ३०० मिलिलिटर. कांदा तेलात मंद आचेवर दहा मिनिटं परतायचा, तो गोड झाला पाहिजे. मग गाजर, मिरची, धुतलेली डाळ आणि पाणी घालून झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवायचं. गाजराचा तुकडा चमच्याने दाबल्यावर सहज चिरडला गेला, की मगच टोमॅटो घालायचा. हा क्रम मोडायचा नाही. टोमॅटोतल्या आम्लामुळे गाजराच्या पेशीभित्ती आणि डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. सगळं एकदम घातलं तर तासाभरानेही गाजर कणीदार राहतं, ब्लेंडर कितीही फिरवला तरी जिभेला रवाळ लागतं आणि 'बघा, भाजी आहेच यात' अशी तक्रार येते. टोमॅटो घातल्यावर झाकण काढून वीस मिनिटं, मग आच बंद करून एकेका मिनिटाच्या दोन फेऱ्यांत ब्लेंडर. साधारण दीड किलो सॉस तयार होतो. त्यातल्या १५० ग्रॅममध्ये सव्वाशे ग्रॅमच्या वर भाजी असते, आणि पास्त्यावर घातली तर ती कुणाला भाजी म्हणून ओळखूही येत नाही.

रंगाचं भान ठेवा. लाल सॉसमध्ये पालक घातला की तो मातकट तपकिरी होतो आणि चव उत्तम असूनही ताट परत येतं. लालात गाजर, लाल भोपळा, लाल मिरची. पांढऱ्यात फ्लॉवर आणि पांढऱ्या घेवड्याचे दाणे. हिरवं हिरव्यातच.

पांढऱ्याची कृती त्याहून सोपी, पण चुकायला तीन जागा आहेत. ५०० ग्रॅम फ्लॉवरचे तुरे वाफेवर दहा-बारा मिनिटं, सुरी आरपार जाईपर्यंत. मग चाळणीत पाच मिनिटं उघडे ठेवायचे, वाफ निघून गेली पाहिजे. एक मोठा चमचा लोणी, पाव चमचा मीठ, दोन मिनिटं ब्लेंडर. पातळ झालं तर वाफ काढली नाही. रवाळ झालं तर कच्चं होतं. वास आला तर वाफेऐवजी पाण्यात उकळलं किंवा वेळ फार दिला. फ्लॉवर कितीही फिरवला तरी चालतो, बटाटा मात्र ब्लेंडरने कधीही कुस्करू नये. त्याच्या पेशी फुटून पिठूळ चीक बाहेर येतो आणि खळीसारखा गोळा होतो.

उभ्या भांड्याचा ब्लेंडर कच्च्या पानांच्या स्मूदीसाठी जास्त चांगला. आधी दूध किंवा दही २०० मिलिलिटर आणि १५ ग्रॅम पालक एवढंच चाळीस सेकंद फिरवायचं, पानाचा कण दिसेनासा झाला की गोठवलेलं केळं आणि आंबा. सगळं एकदम घातलं की बर्फाळ फळ पात्याखाली जातं आणि पानाचे तुकडे वर तरंगत राहतात. पानाचं प्रमाण दर आठवड्याला ५ ग्रॅमनी वाढवत ४० पर्यंत नेता येतं. गरम सूप मात्र या भांड्यात घट्ट झाकण लावून फिरवू नका. वाफेच्या दाबाने झाकण उडून हात-तोंड भाजतं. अर्ध्यापेक्षा कमी भरा, झाकणाचा मधला बुच काढा आणि वर घडीचा टॉवेल धरा.

गोठवलेल्या भाज्या

'ताजं ते चांगलं' या समजुतीपायी या पाकिटांवर अन्याय होतो. गोठवण्याआधी भाजी मिनिट-दोन मिनिटं गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, त्यामुळे तिला खराब करणारी विकरं (एन्झाइम) बंद पडतात. त्यात थोडं 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट जातं, पण पुढे उणे १८ अंशांवर बाकीचं महिनोन् महिने टिकतं. शीतकपाटात आठवडाभर मलूल होत गेलेल्या पालकापेक्षा ती कमी ठरत नाही. भाजी न आवडणाऱ्याच्या घरी तर तिचे दोन जास्तीचे गुण आहेत. मूठभरच काढता येते, जुडी सडत नाही. आणि बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फुटलेल्या असल्याने ती ब्लेंडरमध्ये पटकन गुळगुळीत होते. पाकीट दाबून पाहावं: दाणे सुटे लागले पाहिजेत. एकच दगड लागला तर मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे. यादीत फक्त भाजीचं नाव असावं, लोणी, सॉस, मीठ नको. वाटाण्याने सुरुवात करावी. १०० ग्रॅमला सुमारे ५ ग्रॅम फायबर, चव गोडसर, कडवटपणा नाही.

ओव्हन किंवा एअर फ्रायर

वासाची तक्रार असलेल्यांनी इथे पैसे घालावेत. पाण्याचा संबंधच तोडला की गंधकाचा तो वास भरत नाही, आणि कडा तपकिरी होताना गोडसर, खमंग चव येते. ओव्हन २२० अंशांवर, ट्रे आतच ठेवून तापवायचा. ५०० ग्रॅम फ्लॉवर किंवा ब्रोकोलीचे चार सेंटिमीटरचे तुरे कापडाने टिपून कोरडे करायचे, दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मीठ, वीस ते पंचवीस मिनिटं, पंधराव्या मिनिटाला एकदा उलटायचे. फसतं ते गर्दीमुळे. तुऱ्यांमध्ये बोटभर जागा नसेल तर सुटलेलं पाणी उडून जात नाही, भाजी वाफेवर शिजते आणि तेच पचपचीत हाती येतं. एका ट्रेमध्ये मावत नसेल तर दोन घ्या. गोठवलेली भाजी वितळवून घालू नका, तशीच तापल्या ट्रेवर टाका, दहा मिनिटांत बर्फ उडून गेला की मग तेल आणि मीठ. एअर फ्रायरला १९० ते २०० अंश, बारा-पंधरा मिनिटं, एकच थर.

मीठ इथे चवीपुरतं नाही, औषधासारखं काम करतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की सोडियमचे क्षार कडू चव दाबतात आणि खाली दडलेला गोडवा वर येतो. अर्थात दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा धरूनच. लिंबू पिळायचं ते ओव्हनमधून काढल्यावर. आधी पिळलं तर आम्लाने हिरवा रंग काळपटतो.

बाकीचं थोडक्यात

भाज्यांच्या नावाच्या चिप्स: बहुतेकदा बटाट्याचं किंवा मक्याचं पीठ, तेल, मीठ आणि रंगापुरती भाजीची भुकटी. भाजी म्हणून मोजू नका. सुपाचं पाकीट: स्टार्च आणि मीठ आधी, वाळलेली भाजी खूप खाली. पिळून खायच्या प्युरीच्या पिशव्या: पुढे पालकाचं चित्र, यादीत पहिलं सफरचंद किंवा पेअर. डाळीच्या पिठाचा पास्ता मात्र घेण्यासारखा आहे, फायबर आणि फोलेट दोन्ही देतो. फक्त तो साध्या पास्त्यापेक्षा लवकर गळतो, म्हणून पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी चाखायला लागा.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर

तरीही हिशोब जुळतो. ओट्स ४० ग्रॅम म्हणजे ४ ग्रॅम फायबर. शिजवलेली मसूर १५० ग्रॅम म्हणजे जवळपास १२. सालासकट एक मध्यम पेअर ५, दोन किवी ४, बदाम ३० ग्रॅम साडेतीन. बेरीज २८ च्या वर, आणि त्यात अजून एकही भाजी आलेली नाही. फोलेटची बाजू डाळ सांभाळते. फळं ३०० ग्रॅमच्या आसपास झाली. वरचा लाल सॉस १५० ग्रॅम घेतला की ४०० चा आकडा पार होतो. राहिलं 'के' जीवनसत्त्व. अमेरिकेत पुरुषांसाठी १२० आणि स्त्रियांसाठी ९० मायक्रोग्रॅम पुरेसं धरतात. दोन किवींतून पन्नासेक येतं, आणि पाच ग्रॅम पार्सली, म्हणजे कोथिंबिरीसारखा हा पाला बारीक चिरून मोठा चमचाभर किंवा किंचित जास्त, ऐंशीच्या आसपास देते. ती हिरव्या सॉसमध्ये शेवटी घालून फिरवली तर दिसतही नाही. पोटॅशियमसाठी केळं आणि कडधान्यं वाढवावीत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र ती डॉक्टरांना विचारूनच.

सॉस बर्फाच्या ट्रेमध्ये ३० मिलिलिटरच्या खणांत गोठवा, घट्ट झाल्यावर पिशवीत काढून तारीख लिहा आणि तीन महिन्यांत संपवा. पाच खडे म्हणजे एक वाढप. गरम करताना मात्र खळखळून उकळी येऊ द्या.

आता ब्लेंडरच्या वेग बदलणाऱ्या त्या बटणाचं. नुसती लपवलेली भाजी खाऊन भाजीची ओळख होत नाही. लहान मुलांना एखादी नवी चव मान्य व्हायला अनेकदा ८ ते १५ वेळा ती चाखावी लागते, आणि काय चाखतो आहोत हे त्यांना ठाऊक असलेलं बरं. म्हणून सॉसमध्ये काय आहे ते पहिल्या दिवसापासून सांगून टाकावं. पहिल्या दोन खेपांना पूर्ण दोन मिनिटं गुळगुळीत करा. तिसऱ्या खेपेला दीड मिनिट. पुढे एक मिनिट, मग बटण अर्ध्यावर दाबून चाळीस सेकंद, म्हणजे मधूनमधून डाळीएवढा गाजराचा कण राहील. कुणी चमचा थांबवला तर त्या खेपेला वीस सेकंद परत वाढवा आणि पुढच्या दोन खेपा तिथेच राहा.